पोळी कोणाची, टाळी कोणाची?

परदेशी पैशाचा विषय निघाला, की आपल्या वर्तुळात दोनच सूर ऐकू येतात. एक सूर संतापाचा : हा साम्राज्यशाहीचा पैसा आहे, त्याला शिवू नये. दुसरा सूर खाजगीत, हलक्या आवाजात निघतो : पैसा कोठूनही येवो, काम तर चांगले होते ना? पहिला सूर सभेत टाळ्या मिळवतो. दुसरा सूर सभा संपल्यावर अर्ज भरतो. या गदारोळात एक साधी गोष्ट आपल्या ध्यानातून निसटली आहे. देशोदेशीच्या कलावंतांनी एकत्र बसून काही निर्माण करावे, त्यासाठी निधी उभा राहावा आणि त्या निधीवर कलावंतांचा व प्रेक्षकांचा अंकुश असावा, हा लोकशाही समाजवादी चळवळीचा स्वतःचा कार्यक्रम असावयास हवा होता. तो आपण कधी नेटाने मांडलाच नाही. मैदान मोकळे राहिले, आणि ते सरकारने व धनिक प्रतिष्ठानांनी आपसांत वाटून घेतले.

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की तिच्यातील अपमान आपल्याला बोचेनासा झाला आहे. ही म्हण आश्रितांच्या समाजातली आहे. राजा शालजोडी देई, कवी कवन रचे. सावकार सुपारी देई, फड त्याच्या वाड्यापुढे नाचे. लोकशाहीत कलेला मिळणारे अनुदान हे त्या शालजोडीचेच नवे रूप असेल, तर देणारा वॉशिंग्टनचा की दिल्लीचा, याने फारसा फरक पडत नाही. म्हणून प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच आहे : आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक सहकार्याच्या निधीला कोणते प्रश्न विचारावयाचे, हे आपण ठरविले पाहिजे. पैसा कोणत्या देशाचा, हा त्यातील दुय्यम प्रश्न होय. पैसा उघड आहे काय, आणि निवड कोणाच्या हाती आहे, हे दोन प्रश्न मुख्य होत.

आपल्याच घरातला धडा

या दोन प्रश्नांचे महत्त्व आपल्या चळवळीला तरी कोणी शिकविण्याची गरज नसावी. १९५० च्या जूनमध्ये बर्लिन येथे ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ ही संस्था जन्मास आली. स्टालिनशाहीने लेखक-कलावंतांचा जो गळा आवळला होता, त्याविरुद्ध जगातील स्वतंत्र बुद्धीच्या लोकांनी एकत्र यावे, हा तिचा जाहीर हेतू होता. सोव्हिएत श्रमछावण्या ही कोणाची कल्पित कथा नव्हती; त्यामुळे हा हेतू पोकळ म्हणता येणार नाही. १९५१ च्या मार्चमध्ये या संस्थेची भारतीय परिषद मुंबईत भरली. समाजवादापासून दूर गेलेले मिनू मसानी तीत होते, तसे जयप्रकाशजीही होते. १९५२ मध्ये संस्थेने पॅरिसला भव्य संगीत महोत्सव भरविला. १९५५ मध्ये भारतीय समितीने ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. निसिम इझिकिएल त्याचे पहिले संपादक होते. परिषदा, प्रवासखर्च, प्रदर्शने, मासिके... पैशाची वाण कोठे दिसत नव्हती.

ती का दिसत नव्हती, हे पुढे उघड झाले. १९६६ च्या एप्रिलमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या व्यवहाराला वाचा फोडली, आणि १९६७ च्या मे महिन्यात संस्थेचे कार्यकारी संचालक मायकेल जोसेल्सन यांनी कबुली दिली की हा पैसा अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याकडून, सी.आय.ए.कडून येत होता. मधल्या वाटेवर ‘फारफील्ड फाउंडेशन’सारख्या धर्मादाय संस्थांचे मुखवटे उभे केलेले होते.

त्या वेळी संस्थेच्या अनेक लेखकांनी बचाव केला, की आम्हाला कोणी एक ओळसुद्धा सांगून लिहावयास लावली नाही. त्यांतील पुष्कळांच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु हा बचाव मूळ दोषाला स्पर्शच करीत नाही. लेखकाचे स्वातंत्र्य कदाचित शाबूत राहिले असेल. वाचकाचे स्वातंत्र्य मात्र चोरीला गेले. जो लेख तो एका मुक्त व्यासपीठावरील मत म्हणून वाचत होता, त्यामागे एका महासत्तेचे गुप्त खाते उभे आहे, हे जाणून घेऊन निर्णय करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला नाही. सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेने आपल्या वाचकाला फसवावे, यापेक्षा मोठी विटंबना कोणती? जयप्रकाशजींसारखा निर्मळ पुरुषही या फसवणुकीपासून वाचला नाही, यावरून एवढाच बोध घ्यावयाचा, की माणसांच्या चारित्र्यावर विसंबून हा प्रश्न सुटत नाही. हिशेब उघडा ठेवण्याची पद्धतच असावी लागते.

दुसऱ्या गोटाचा हिशेब

आता दुसऱ्या गोटाकडे वळू. आपल्या कम्युनिस्ट मित्रांना वरील प्रकरण फार आवडते, परंतु पूर्वेकडून येणारा पैसाही काही निष्काम नव्हता.

अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाला गेले. वाटेगावच्या मातंग वस्तीत जन्मलेला, लाल बावटा कलापथकात डफावर थाप मारणारा हा शाहीर मॉस्कोत सन्मानाने वावरला आणि परत येऊन त्याने त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. जातिव्यवस्थेने ज्याला शाळेत टिकू दिले नाही, त्याला परक्या देशाने लेखक म्हणून हात दिला, ही घटना लहान नाही. त्यात सोव्हिएत सत्तेचा प्रचाराचा हेतू होता, हे मान्य करूनही ती लहान ठरत नाही. परंतु पुढचे पान वाचले पाहिजे. त्यानंतर आठच वर्षांनी, १८ जुलै १९६९ रोजी, अण्णा भाऊ मुंबईत हलाखीत वारले. २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहिला आणि अनावरणाला महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री जातीने हजर राहिले. जिवंतपणी एका सत्तेला ते प्रचारासाठी उपयोगी पडले, मेल्यावर दुसऱ्या सत्तेला राजनैतिक सदिच्छेसाठी. मधल्या काळात या माणसाच्या चुलीची जबाबदारी कोणावरच नव्हती.

याच गोटातील दुसरे उदाहरण अधिक विचार करावयास लावणारे आहे. पूर्व जर्मनीतील वायमारच्या राष्ट्रीय रंगभूमीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ १९७० मध्ये भारतात आले. भारताने पूर्व जर्मनीला राजनैतिक मान्यता दिली ती १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे वकिलातीच्या आधी नाटक आले होते, आणि ते का आले होते, हे समजण्यास फार मोठी बुद्धी लागत नाही. त्या राज्याला मान्यता हवी होती. तरीही १९७३ मध्ये बेनेविट्झ आणि विजया मेहता यांनी मिळून ब्रेश्टचे नाटक चिं. त्र्यं. खानोलकरांच्या रूपांतरातून ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने उभे केले, तेव्हा जे घडले ते प्रचाराच्या पलीकडचे होते. नाटक मराठीत झाले. नट मराठी होते. आपल्या लोकनाट्याची चाल त्या नाटकाच्या अंगात भिनली. पुढे १९७६ मध्ये विजयाबाईंनी वायमारला जाऊन जर्मन नटांकडून ‘मुद्राराक्षस’ बसवून घेतले. पाहुणा इकडे आला आणि आपल्या भाषेत राबला. आपली दिग्दर्शिका तिकडे गेली आणि त्यांच्या भाषेत राबली. शिकविणारा एक आणि शिकणारा दुसरा, अशी कायमची वाटणी तेथे नव्हती.

हे लिहिताना त्या राज्याची भलावण करण्याचा हेतू नाही. ज्या १९७६ साली वायमारने विजयाबाईंचे स्वागत केले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने आपलाच कवी-गायक वोल्फ बीरमान याचे नागरिकत्व हिरावून त्याला देशाबाहेर ठेवले. परक्या कलावंताला पुष्पगुच्छ आणि घरच्या कलावंताला हद्दपारी, हे ढोंग आपण विसरता कामा नये. १९९० मध्ये ते राज्य नकाशावरून पुसले गेले. त्या सहकार्यातून मराठी रंगभूमीला जे मिळाले, ते मात्र पुसले गेले नाही. कारण त्या कामाच्या अटी बरोबरीच्या होत्या. देणाऱ्याचा हेतू शुद्ध असण्याची वाट पाहत बसलो, तर जगात एकही नाटक उभे राहणार नाही. अटी शुद्ध असाव्यात, यासाठी मात्र भांडता येते.

परदेशी पाहुणा, घरचा भिकारी

मग आपले सरकार तरी या कसोटीला उतरते काय? १९५० मध्ये मौलाना आझादांच्या पुढाकाराने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली. हेतू उदात्त होता. परंतु परराष्ट्र खात्याच्या छत्राखाली असलेली संस्था शेवटी राज्यसंस्थेची शोभा पाहणार, यात नवल नाही. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९८५ मध्ये अमेरिका व फ्रान्समध्ये ‘भारत महोत्सव’ झाले, तेव्हा या दृष्टीचे पूर्ण दर्शन घडले.

१९८५ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये ‘अदिती’ नावाचे प्रदर्शन भरले. जन्मापासून लग्नापर्यंतच्या भारतीय जीवनाचे दर्शन तेथे घडविले होते, आणि वस्तूंच्या बरोबरीने जिवंत लोककलावंतही दालनात बसविले होते. ते दालन होते निसर्गेतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात. जेथे लुप्त झालेल्या प्राण्यांचे सांगाडे ठेवतात, त्याच छपराखाली आपले कलावंत आपली कला दाखवीत होते. या योजनेत लोककलावंतांविषयी खरी आस्था असलेली माणसे होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आस्थेनेसुद्धा माणसाचा नमुना करता येतो.

या कलावंतांपैकी काहीजण दिल्लीच्या शादीपूर भागातील कठपुतळी वसाहतीचे रहिवासी होते : बाहुलेवाले, जादूगार, डोंबारी. राज्यसंस्थेने त्यांना संस्कृतीचे राजदूत म्हणून विमानात बसविले. त्याच राज्यसंस्थेच्या कायद्यात त्यांचे नाव काय होते? १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्या जुन्या मुंबई राज्याने केला आणि पुढे तो दिल्लीलाही लावण्यात आला. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, खेळ करून दाखवून पैसे मागणे म्हणजे भीक मागणे, अशी त्या कायद्याची व्याख्या आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची तरतूद आहे. पोटोमॅकच्या काठी जी कला होती, ती यमुनेच्या काठी गुन्हा होती. दिल्लीपुरती त्या कायद्याची मुख्य कलमे उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली, ती २०१८ च्या ऑगस्टमध्ये. तोवर त्या वसाहतीवरून बुलडोझर फिरून गेला होता; २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ती पाडण्यात आली. राजदूतांची घरे पाडताना सरकारला राजशिष्टाचाराची आठवण झाली नाही.

हा प्रश्न केवळ गरिबीचा नाही, निवडीचाही आहे. देशाच्या नावाने परदेशी काय जावे, हे कोणी ठरवावे? पुण्याची थिएटर अकादमी १९८० मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ घेऊन युरोपला निघाली, तेव्हा या नाटकाने महाराष्ट्राची बदनामी होईल, अशी ओरड झाली. दौरा रोखण्याचे प्रयत्न झाले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर मंडळी गेली आणि नाटक गाजले. आता कल्पना करा, की परदेशाशी संबंध ठेवण्याचा एकमेव मार्ग सरकारी निवड समितीतून जात असता, तर त्या दबावापुढे कोणती समिती ताठ उभी राहिली असती? सत्तेची चिकित्सा करणारे नाटक सत्तेच्या शिफारशीने परदेशी जाईल, ही अपेक्षाच भाबडी आहे. सरकारखेरीज दुसरी वाट असणे, हा म्हणूनच कलास्वातंत्र्याचा भाग आहे.

पक्षाला माफी, पथकाला फास

ही दुसरी वाट आज जवळजवळ बुजली आहे, आणि ती कायद्याने बुजविली आहे. परदेशी देणग्यांचे नियमन करणारा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतला. निम्मा विरोधी पक्ष तुरुंगात असताना संसदेने तो संमत केला, एवढे सांगितले तरी त्याच्या जन्मनक्षत्राची कल्पना यावी. पुढे १९८२ मध्ये गांधी शांती प्रतिष्ठानासारख्या संस्थांमागे कुदाल आयोगाचे शुक्लकाष्ठ लावण्यात आले, तेव्हा ‘परदेशी पैसा’ हा शब्दप्रयोग विरोधकांना झोडपण्यासाठी किती सोयीचा आहे, हे आपण अनुभवले. २०१० मध्ये नवा कायदा आला आणि नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आवश्यक झाले. २०२० च्या दुरुस्तीने उरलेली दारे लावली. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेने त्यातील रुपयाही दुसऱ्या संस्थेकडे वळवावयाचा नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर. आणि हा पैसा प्रथम स्वीकारण्याचे खाते देशभरातील सर्व संस्थांनी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेत उघडावयाचे. नोंदणी हवी तर संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या कार्यावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत, असा नियम झाला. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्त्या वैध ठरविल्या. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य असला, तरी कायद्याच्या शहाणपणाचा निवाडा करण्याचा अधिकार जनतेकडेच राहतो.

या नियमांचा फास कोणाच्या गळ्याला बसतो? समजा, सांगली जिल्ह्यातील एक दलित नाट्यपथक आहे. संबळ, हलगी, चार बांबू, एक पडदा आणि पंधरा माणसे. दक्षिण आफ्रिकेतील एका पथकाबरोबर वर्णभेद आणि जातिभेद यांवर नाटक करावे, असे त्यांच्या मनात आहे. तीन वर्षांत १५ लाख रुपये त्यांनी कधी पाहिलेले नाहीत. त्यामुळे त्यांना नोंदणी नाही. पूर्वी एखादी मोठी संस्था निधी घेऊन अशा नोंदणीकृत पथकाला त्यातला वाटा देऊ शकत होती. आता तेही बंद. उरतो तो प्रत्येक देणगीसाठी गृहखात्याची पूर्वपरवानगी मागण्याचा मार्ग. ज्यांच्या नाटकातला खलनायकच गृहखात्याचा हवालदार आहे, त्यांनी ती परवानगी मागावयाची! उलट, शहरातील मोठ्या प्रतिष्ठानांकडे हिशेबनीस आहेत, वकील आहेत, दिल्लीत माणसे आहेत. त्यांना फारसे काही अडत नाही.

आणि हा सोवळेपणा सर्वांना लागू आहे म्हणावे, तर तसेही नाही. २०१४ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष या दोघांनीही परदेशी कंपनीच्या हिंदुस्थानी उपकंपन्यांकडून देणग्या घेऊन हा कायदा मोडला आहे. मग काय झाले? २०१६ च्या वित्त विधेयकात ‘परदेशी स्रोत’ या शब्दाची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने बदलण्यात आली, आणि २०१८ मध्ये ती सवलत थेट १९७६ पर्यंत मागे नेण्यात आली. चार दशकांचे पाप अंदाजपत्रकाच्या गडबडीत धुऊन निघाले. राजकीय पक्षाने परदेशी मालकीच्या कंपनीकडून पैसा घेतला तर व्याख्या बदलते. नाट्यपथकाने घेतला तर पथकच बंद पडते. हाच जर राष्ट्रवाद असेल, तर तो गरिबांपुरताच राखून ठेवलेला दिसतो.

येथे आपल्या मित्रांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. हे सर्व घडत असताना ‘बरे झाले, परदेशी पैशाची मिजास उतरली’ असे समाधान आपल्यापैकी किती जणांनी मानले? साम्राज्यशाहीविरोध हे आपले तत्त्व आहे. परंतु दारोगा आपल्या शत्रूला मारतो आहे असे वाटून आपण टाळ्या वाजवाव्या, आणि प्रत्यक्षात त्याची काठी आपल्याच माणसाच्या पाठीत बसत असावी, असे आज झाले आहे.

अर्जाची भाषा

याचा अर्थ परदेशी प्रतिष्ठानांना आपण प्रशस्तिपत्र द्यावे, असा मुळीच नाही. त्यांचा अन्याय अधिक सभ्य असतो, एवढेच. अर्ज इंग्रजीत. अहवाल इंग्रजीत. यंदा ‘हवामानबदल’ हा विषय, पुढच्या वर्षी दुसरा. जो प्रश्न तुमच्या गावाने तुमच्यापुढे ठेवला आहे तो बाजूला ठेवून, जो विषय दूरच्या शहरातील संचालक मंडळाने मुक्रर केला आहे त्यात आपले नाटक कोंबावे लागते. ज्याला ती परिभाषा साधते, तो दरवर्षी जातो; ज्याला ढोलकी साधते पण परिभाषा साधत नाही, तो मागे राहतो. अशा रीतीने कलेच्या क्षेत्रात अर्जनिपुण लोकांचा एक नवा मध्यस्थ वर्ग तयार होतो. जुन्या काळी फडाची सुपारी घेणारा दलाल होता, त्याचाच हा इंग्रजी शिकलेला नातू.

आणि अर्ज मंजूर झाला तरी सीमा उघडतेच असे नाही. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढ माणसामागे ९० युरो झाले. पंधरा माणसांच्या पथकाला केवळ अर्ज करण्यासाठी १३५० युरो, म्हणजे लाखावर रुपये मोजावे लागतात. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. बँकेतील शिल्लक दाखवा, कायम नोकरीचा दाखला आणा, परत जाल याची हमी द्या! ज्याच्याकडे हे सर्व आहे, तो तमाशात कशाला नाचेल? २००५ मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक आविष्कारांच्या विविधतेसंबंधी करार केला. १४८ देश बाजूने. अमेरिका आणि इस्रायल हे दोनच विरुद्ध. भारत २००६ मध्ये त्या करारात सामील झाला. त्याच्या १६ व्या कलमात श्रीमंत देशांनी विकसनशील देशांतील कलावंतांना अग्रक्रमाची वागणूक द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. या कराराखाली स्थापन झालेला निधी मात्र देशांच्या ऐच्छिक वर्गणीवर चालतो. कर्तव्य कागदावर आणि देणे मर्जीवर! आपल्या सरकारने या कलमाचा आधार घेऊन आपल्या लोककलावंतांच्या व्हिसासाठी कधी आवाज उठविला आहे काय? तसे केले तर ती खरी परराष्ट्रनीती ठरेल.

कोणी म्हणेल, मग देशी उद्योगपतींचा पैसा घ्यावा. २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वाच्या खर्चात कला व संस्कृतीचाही समावेश केला आहे. परंतु नफ्यातून बाजूला काढलेला तो पैसा देताना मालक आपल्या गिरणीतील संपावरचे नाटक निवडील, अशी आशा कोणी करू नये. भांडवलाला स्वदेशाचा टिळा लावला म्हणून त्याची टाळीची भूक शमत नाही.

आपली मागणी

तेव्हा केवळ बहिष्काराने भागणार नाही, आणि केवळ अर्ज भरूनही भागणार नाही. चळवळीने ठाम मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. त्या अशा असाव्यात.

पहिली : लहान सांस्कृतिक पथकांना ठराविक रकमेपर्यंत दुसऱ्या संस्थेमार्फत परदेशी निधी घेण्याची मुभा कायद्याने परत द्यावी. मोबदल्यात प्रत्येक रुपयाचा स्रोत आणि खर्च पथकाने मराठीत, आपल्या प्रेक्षकांपुढे जाहीर करावा. गुप्ततेला बंदी असावी, सहकार्याला नसावी. आणि जो नियम नाट्यपथकाला, तोच राजकीय पक्षाला.

दुसरी : परदेशी दौऱ्यांसाठी निवड करणाऱ्या सरकारी समित्यांत कलावंतांचे बहुमत असावे आणि ते कलावंतांच्या संघटनांनी निवडून द्यावे. निवडलेल्यांची आणि नाकारलेल्यांची नावे कारणांसह प्रसिद्ध व्हावीत. नागपूर आणि उदयपूर येथील विभागीय सांस्कृतिक केंद्रांनाही हाच नियम असावा.

तिसरी : परदेशी जाणाऱ्या प्रत्येक लोककलावंताला त्याच्या भाषेत लेखी करार मिळावा. बिदागी किती, ती कोणाच्या हाती पडणार, आजारपणाचा विमा कोणाचा, त्याच्या कलेचे चित्रीकरण झाले तर त्यावर हक्क कोणाचा, हे सर्व त्यात असावे. फडमालकाच्या किंवा मध्यस्थाच्या हाती एकरकमी पैसे देऊन मोकळे होण्याची पद्धत बंद व्हावी.

चौथी : सहकार्य दुहेरी असावे. आपली माणसे तिकडे जातील, तर तिकडची इकडे यावीत. आणि केवळ मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित सभागृहांत न येता तालुक्याच्या गावी, आपल्या भाषेत, आपल्या नटांबरोबर राबण्यासाठी यावीत. १९७३ मध्ये जे मुंबईत शक्य झाले, ते आज सोलापुरात का होऊ नये?

पाचवी मागणी महाराष्ट्राच्या विधिमंडळाकडे : गाऊन-नाचून पोट भरणाऱ्याला भिकारी ठरविणारी व्याख्या आपल्याच भूमीत जन्मली. ती आपल्या कायद्याच्या पुस्तकातून काढून टाकण्याचा मान महाराष्ट्राने घ्यावा. शाहीर परंपरेचा अभिमान मिरविणाऱ्या राज्याला एवढे करता येत नसेल, तर परदेशी पुतळे उभारण्याचा खर्च त्याने वाचवावा.

आणि शेवटची मागणी आपली आपल्याकडेच. इप्टा १९४३ मध्ये उभी राहिली, सेवा दलाचे कलापथक गावोगाव हिंडले, ती काही अनुदानाची वाट पाहून नव्हे. वर्गणी, धान्य, मुक्कामाला एक ओसरी आणि प्रेक्षकांच्या टोपीत जमलेली नाणी यांवर ती चालली. आज तेवढ्यावर सर्व काही चालणार नाही, हे मान्य. विमानाचे भाडे टोपीतल्या नाण्यांतून निघत नाही. परंतु ज्या पथकाचा पाया टोपीतल्या नाण्यांवर आहे, त्यालाच दात्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ‘हा विषय आमचा नाही’ असे म्हणता येते. आपल्या प्रत्येक तालुका शाखेने वर्षाकाठी एका पथकाचे दोन प्रयोग वर्गणीतून लावले, तरी त्या पथकाच्या हाती नकाराचे बळ येईल. हे बळ कोणतेही प्रतिष्ठान देऊ शकत नाही.

वाटेगावच्या शाहिराला मॉस्कोने पुतळा दिला. जिवंत असताना त्याला हवे होते ते हक्काचे मानधन, आणि ते कोणाच्या मेहेरबानीशिवाय. आज गावोगावच्या वेशीवर जे अण्णा भाऊ उभे आहेत, त्यांच्यासाठी आपण काय मागणार आहोत, हे आपल्या पुढच्या शिबिरात ठरले पाहिजे. पोळी घामाची असेल, तर टाळी कोणासाठी वाजवावयाची, हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला उरणार नाही.